ओतिलियाचा एक नकार

ओतिलिया नेउसाच्या घरात नियम एकच होता. लेकराने विचारल्याशिवाय शिकवायचं नाही, आणि विचारलं तर नाही म्हणायचं नाही. बाकी उठायची वेळ, झोपायची वेळ, जेवताना डोक्यावर हॅट असावी की नसावी, यातलं काही ठरलेलं नव्हतं. दार उघडलं की कोंबड्या आत आणि पोरी बाहेर.

तिच्या धाकटीची, नोएमीची, मी धर्ममाता. बाप्तिस्म्याच्या वेळी पोर माझ्या हातांवर होती, तेव्हापासून ओतिलिया आणि मी एकमेकींना कोमाद्रे म्हणतो. आमच्या डोंगरात हे नातं सख्ख्या बहिणीपेक्षा जड. बहिणीशी अबोला धरला तर फक्त आईला वाईट वाटतं, कोमाद्रेशी धरला तर देवाला. म्हणून मी लिहिते आहे त्याला शेजारणीच्या चहाड्या समजू नये.

तिचं घर आमच्या वरच्या अंगाला, बटाट्याच्या शेतांपलीकडे. सकाळी ढग तिच्या अंगणातच बसलेले असतात. ओतिलिया मेंढ्या पाळते, लोकर पिंजते, चातीवर सूत काढते आणि मागावर रुआना विणते, म्हणजे आमची डोक्यातून घालायची घोंगडी. चाती तिच्या हातातून सुटत नाही. रस्त्याने चालताना, भांडण सोडवताना, मिस्सेत उपदेश ऐकतानाही ती गरगर फिरत असते. फादर एकदा वैतागून म्हणाले, "डोन्या ओतिलिया, निदान ख्रिस्तशरीर घ्यायला याल तेव्हा तरी हात रिकामे ठेवा."

शाळेत न पाठवायचं तिने काही बसून, विचार करून ठरवलेलं नव्हतं. थोरली मार्लेन सात वर्षांची असताना वरच्या वाडीची छोटी शाळा बंद पडली, कारण पोरंच उरली नव्हती. मग उरलेल्यांना बसमध्ये घालून खालच्या गावातल्या मोठ्या शाळेत नेऊ लागले. मार्लेन तिकडे जाऊ लागली आणि तिने बोलणं सोडलं. शाळेत नाही, घरी नाही. मेंढ्यांपाशी काहीतरी पुटपुटायची, तेवढंच. ओतिलिया म्हणाली, ईस्टरपर्यंत घरी राहू दे. ईस्टर आला, गेला. पोर हळूहळू बोलू लागली, आणि बोलू लागली ती प्रश्नच विचारत. दूध का फाटतं, वीज आधी का दिसते, मेलेला माणूस थंड का. ओतिलियाला येत होतं ते ती सांगायची. येत नसेल तर दोघी मिळून ज्याला येतं त्याच्या दारात जाऊन उभ्या राहायच्या. सुताराकडे, गुरांच्या डॉक्टरकडे. दुधासाठी माझ्याकडे आल्या होत्या आणि माझ्या चिजाचा अख्खा दिवस खाऊन गेल्या.

पुढच्या वर्षी शाळा सुरू व्हायच्या वेळी ओतिलियाने विचारलं, "जाता का?"

मार्लेन म्हणाली, "नको."

झालं. (आमच्याकडे आई लेकरालाही अहो-जाहोच करते. राग आला तरी तेच, फक्त आवाज बदलतो.)

मग कधीतरी राजधानीतून एक जोडपं आमच्या बाजूला राहायला आलं, शेळ्या पाळू लागलं. त्यांची मुलंही शाळेत जात नसत, पण मुद्दाम. अशी आणखी कुटुंबं होती, ती महिन्यातून एकदा त्यांच्या गोठ्यापाशी जमायची. ओतिलिया एकदा जाऊन आली आणि मला म्हणाली, "कोमाद्रे, आम्ही करतो त्याला नाव आहे म्हणे."

मी म्हटलं, "आळसालाही नाव असतं."

ती हसली. पण त्या दिवसापासून तिचं करणं नाइलाजाचं राहिलं नाही, निवडीचं झालं. नोएमीने तर शाळेचा उंबरा पाहिलाच नव्हता.

मार्लेन वाचायला शिकली दहाव्या वर्षी, नाताळाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या पुस्तिकेवरून, कारण तिला सगळ्यांसमोर स्वतः वाचायचं होतं. नोएमी त्याहून लहान वयात शिकली, खताच्या पोत्यांवरून. एक वर्ष मार्लेनने कोंबड्यांखेरीज कशातच लक्ष घातलं नाही. तिचा बाप आर्सेनियो म्हणायचा, "पोरगी कोंबडीच झाली. अंडं तेवढं द्यायचं राहिलंय." तो बटाटे लावतो, मोटारसायकलवर फिरतो आणि मान ताठ ठेवतो. ती ताठ ठेवणं सोपं नव्हतं, कारण गावात पार्मेनियोचं दुकान आहे.

"काय डोन आर्सेनियो," पार्मेनियो गिऱ्हाइकांसमोर विचारायचा, "आज पोरींना कुठला तास? बटाट्याचा की मेंढीचा?"

"तुमच्या पोराला शाळेत काय शिकवलं?" आर्सेनियो म्हणायचा. "तराजूवर अंगठा ठेवायला?"

फादरांनीही एकदा खोडी काढली. नोएमीची पहिल्या ख्रिस्तशरीराची तयारी मीच करून घेतली होती. पोरीने प्रभूची प्रार्थना खणखणीत म्हटली आणि 'आम्हांस परीक्षेत आणू नकोस' या ओळीला फादर हसले. "ही ओळ तुमच्या घरी सगळे अगदी मनापासून म्हणत असतील, डोन्या ओतिलिया."

"आम्ही रोजच्या भाकरीची ओळ मनापासून म्हणतो, फादर," ती म्हणाली. "तिच्यातच एवढा वेळ जातो की परीक्षेपर्यंत पोचतच नाही."

मी मात्र दर शनिवारी चिकिंकिराच्या मातेपुढे मेणबत्ती लावून म्हणत असे, या पोरींना शाळेची वाट दाखव. ओतिलियाला ते ठाऊक होतं. "लावा हो," म्हणायची, "मेणबत्तीने कोणाचं वाईट होत नाही."

वाट दिसली ती जुलैच्या बाजारात. रविवारची मिस्सा संपवून आम्ही कांदे घेत होतो आणि शाळेचा बँड मैदानात वीस जुलैच्या, स्वातंत्र्यदिनाच्या मिरवणुकीची तालीम करत होता. पुढे ढोल, मागे तुताऱ्या, मधे लिरावाल्या मुली. उभ्या चौकटीत धातूच्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्या लहानशा हातोडीने वाजवायच्या. नोएमी तारेच्या कुंपणाला चिकटून उभी राहिली. कांदे झाले, मीठ झालं, आर्सेनियोची दोरी झाली, तरी पोर हलेना. शेवटी बँडच्या मास्तरांनाच तिने हाक मारली.

"मला पण शिकवा."

"कुठल्या वर्गात आहात?"

"कुठल्याच नाही."

"मग कसं शिकवू, बाळ? बँड शाळेचा आहे."

त्या दिवशी दुपारी मी ओतिलियाकडेच जेवायला होते. चुलीवर बटाट्याचं सूप, सोबत आरेपा, म्हणजे मक्याच्या जाड भाकऱ्या. नोएमीने वाटी बाजूला सारली आणि म्हणाली, "आई, मला शाळेत जायचंय."

आर्सेनियोचा चमचा हवेतच राहिला. "कशाला?"

"लिरा वाजवायला."

"एवढंच ना?" मार्लेन म्हणाली. ती तेव्हा सतरा वर्षांची होती. "लिरा कुठूनतरी आणू. आपण दोघी मिळून शिकू."

"एकटीदुकटीने नाही. मला रांगेत चालायचंय. सगळ्यांचा पाय एकदम पडतो ना, तसं."

"रांगेत चालायला मेंढ्या आहेत की," आर्सेनियो म्हणाला. "त्यांच्या मागे चाला. त्याही एका ओळीत जातात."

"मेंढ्या पांढरे बूट घालत नाहीत, बाबा."

मला हसू आलं, मार्लेनलाही. ओतिलिया हसली नाही. तिच्या हातातली चाती थांबली, आणि ती थांबलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

"नाही," ती म्हणाली.

त्या घरात हा शब्द इतका नवा होता की तो नेमका कशाला लागला हेही क्षणभर कळेना. नोएमीने आईकडे नीट पाहिलं. मग वाटी परत ओढून घेतली आणि सूप संपवलं.

ओतिलियाचं कारण मला ठाऊक होतं. त्याच शाळेतून एक पोर मुकी होऊन घरी आली होती. आणि आर्सेनियोला आपल्या मानेची काळजी. मला घरी सोडायला आला तेव्हा वाटेत म्हणाला, "इतकी वर्षं त्या पार्मेनियोचं ऐकून घेतलं. आता हॅट हातात धरून शाळेत नाव घालायला जाऊ? तो साखर वाटेल साखर."

महिने गेले. ऑक्टोबरात एका सकाळी मी चीज गाळत होते, तेव्हा ओतिलिया आली. बसली, गरम गूळपाणी घेतलं.

"कोमाद्रे, नोएमी विचारत नाही."

"काय विचारत नाही?"

"काहीच."

"रुसली असेल."

"रुसली असती तर बरं होतं. रुसलेलं माणूस दिसतं. ही सांगितलं ते करते. मेंढ्या सोडते, लाकडं आणते, जेवते. परवा मेंढीला दोन कोकरं झाली, त्यातलं एक मेलेलं निघालं. हिने बघितलं, उचललं, खड्डा केला, पुरलं. का मेलं, म्हणून विचारलं नाही. गेल्या साली एका मेलेल्या सरड्यावरून हिने मला आठवडाभर पिडलं होतं."

मी फडकं पिळलं. "मग हो म्हणा."

"त्या शाळेने माझी एक पोर मुकी केली होती, कोमाद्रे."

"आणि दुसरी?"

ओतिलियाने वाटी खाली ठेवली. "दुसरीला शाळेची गरजच पडली नाही," ती म्हणाली. "मीच पुरले."

तिच्या वाटीत आणखी गूळपाणी ओतलं, चिजाचा एक तुकडा काढून दिला. तिने तो पदराच्या टोकात बांधावा तसा शालीत गुंडाळला आणि चढाला लागली. दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीपाशी भेटली तेव्हा तिचा चेहरा वेगळा होता. "सांगितलं तिला. म्हटलं, जानेवारीत जा. मग विचारते, बूट शाळा देते का आपण घ्यायचे? बूट झाले, मग बस कुठे थांबते, मग बसमध्ये उलटी झाली तर काय करायचं, मग त्या कोकराला देवाकडे नाव असतं का. माझं डोकं उठलं हो, कोमाद्रे." आणि डोकं उठलेली बाई इतकी खूश मी कधी पाहिली नव्हती.

जानेवारीत नाव घालायला मी बरोबर गेले. गणवेश धर्ममातेने द्यायचा असा मीच आग्रह धरला होता. आर्सेनियोने आम्हाला फाटकापाशी सोडलं आणि हॅट नाकापर्यंत ओढून मोटारसायकलवरच बसून राहिला, पार्मेनियोला ओळखू येऊ नये म्हणून. लाल मोटारसायकल गावात तेवढी एकच होती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही.

शाळेतल्या इदालीबाई सडपातळ, स्वच्छ, घाईतल्या. त्यांनी नोएमीला कुठल्या वर्गात बसवायचं ते बघायला एक कागद दिला. पोरीने सगळी उत्तरं खताच्या पोत्यावर असतात तशा ठसठशीत अक्षरांत लिहिली, त्यामुळे कागद लवकर संपला.

"उत्तर बरोबर आहे," गणिताकडे बघत बाई म्हणाल्या. "रीत कुठे आहे?"

"डोक्यात."

"डोकं तपासून मार्क देता येत नाहीत, बाळ."

त्यांनी चौथी सांगितली. नोएमीच्या वयाची पोरं सहावीत होती. ओतिलियाने मुलीकडे पाहिलं. मला वाटतं ती मनात म्हणत होती, आता ही म्हणेल नको, घरी चला. नोएमीने विचारलं, "चौथीतल्यांना बँडमध्ये घेतात?"

"घेतात. नीट वागणाऱ्यांना."

"मग चालेल."

नीट वागणं म्हणजे काय, हे तिसऱ्या दिवशी कळलं. बाई भागाकार शिकवत होत्या. थोड्या वेळाने बघतात तर मागचा बाक रिकामा. मैदानात नाही, नळावर नाही, फाटकाला कुलूप. सगळी शाळा शोधायला निघाली. फोन गेला तेव्हा ओतिलिया मागावर होती, तशीच लोकर अंगाला चिकटलेली खाली धावली. वाटेत तिने मला हाक मारली, आणि आम्ही दोघी पोचलो तोवर पोर सापडली होती. शाळेच्या स्वैपाकघरात आचारणीशेजारी बसून बटाटे सोलत होती.

"नोएमी, वर्गातून का गेलात?" बाईंनी आमच्यासमोर विचारलं.

"मला भागाकार कळला होता."

"म्हणून उठून जायचं?"

नोएमी गोंधळली. घरी एखादी गोष्ट कळली की माणूस उठतंच. कळल्यावर बसून राहायचं, हे तिला कोणी सांगितलेलं नव्हतं. "तुम्ही मला काही विचारत नव्हता, मी तुम्हाला काही विचारत नव्हते," ती म्हणाली. "मला वाटलं आपलं झालं."

आचारण मागून म्हणाली, "ठेवा हो हिला माझ्याकडे. सालं काय पातळ काढते!"

बाईंनी हसू आवरलं, पण बोलल्या त्या सरळ. "डोन्या ओतिलिया, मिरवणुकीत तासभर उभं राहावं लागतं. जी बाकावर बसत नाही ती रांगेत काय उभी राहणार? हिला बसायला शिकवा. नाहीतर बँडचं मी मास्तरांना सांगू शकत नाही."

आम्ही तिघी घरी निघालो. चढ संपत आला तेव्हा नोएमीनेच विचारलं, "आई, बसून कसं राहायचं?"

ओतिलिया थांबली. बाई दिवसच्या दिवस मागावर बसते, पण तिचे हात-पाय चालू असतात. नुसतं बसायचं तिलाही माहीत नव्हतं. "मला येत नाही," ती म्हणाली. "ज्याला येतं त्याला विचारू."

म्हणून माझ्याकडे पाठवली. मी रोज संध्याकाळी जपमाळ करते, लाकडी बाकावर, पाठ न टेकता. नोएमी माझ्याशेजारी बसली. पहिल्या दिवशी अर्ध्यावर तिचा पाय हलायला लागला, मग दुसरा, मग मांजर बघायला मान वळली.

"धर्माई, तुम्ही एवढा वेळ कशा बसता?"

"मणी पुढे सरकतात ना, त्यांच्याबरोबर आपण जातो. बाहेरून बसलेले दिसतो, आतून चालतच असतो."

"शाळेत मणी नसतात."

"खिशात ठेवा. बाईंना दिसल्याशिवाय काही होत नाही, आणि दिसले तर मरियामातेचं नाव सांगा."

माझी एक जुनी माळ तिने नेली. नंतर मला सांगायची, इतिहासात माळेची दोन दशकं होतात, म्हणजे दहा-दहा मण्यांच्या दोन फेऱ्या, शुद्धलेखनात चार. प्रार्थना म्हणत होती की नुसते मणी मोजत होती, मी विचारलं नाही. देवाला दोन्ही चालत असेल. बाक मात्र रिकामा राहीनासा झाला.

बँडमध्ये तिला घेतलं. लिरा वरच्या वर्गांतल्या मुलींसाठी, म्हणून हिच्या हातात झांजा आल्या. मला वाटलं रडेल. घरी येऊन म्हणाली, "आई, झांज वाजवायची नसते तेव्हा जास्त अवघड असते. सगळं गाणं थांबायचं आणि एकदाच मारायचं." डोंगरात तिच्या तालमीने मेंढ्या उधळायला लागल्या, तेव्हा आर्सेनियोने तिला बटाट्याच्या शेतापलीकडे हाकललं.

वीस जुलैला आम्ही चर्चच्या पायऱ्यांवर उभे होतो. ओतिलियाचं सूत सारखं तुटत होतं. बँड वळणावरून आला. चौथीच्या पोरांत हिचं डोकं सगळ्यांच्या वर, पांढरे बूट, नजर सरळ, आणि सगळ्यांचा पाय एकदम पडत होता. झांज वाजली तेव्हा आर्सेनियोने हॅट काढली आणि दुकानाच्या दारातल्या पार्मेनियोला चौक ऐकेल एवढ्याने सांगितलं, "ती झांजवाली आमची!"

"दिसतंय," पार्मेनियो म्हणाला. "बटाट्याच्या तासाला गैरहजर वाटतं आज."

त्या महिन्यात शेळीवाल्यांकडे कुटुंबं जमली तेव्हा ओतिलिया मार्लेनला घेऊन गेली, मीही चीज घेऊन गेले होते. तिथला दाढीवाला गृहस्थ, भला माणूस, पण म्हणाला, "शेवटी तुम्हीही वाकलात, डोन्या ओतिलिया."

"पोरीने मागितलं ते दिलं. तुमच्याकडे काय देतात?"

"मुलाचं ज्याने भलं होईल ते."

"तेच तर शाळा म्हणते," ओतिलिया म्हणाली आणि त्याच्या चिजाची चव घेऊ लागली. त्यावर मार्लेन इतकी हसली की तिला बाहेर जावं लागलं.

इथे संपतं तर सगळ्यांना सोयीचं झालं असतं. पण नोव्हेंबरात वर्ष संपलं आणि इदालीबाईंनी ओतिलियाला बोलावून सांगितलं की नोएमीला चौथी पुन्हा करावी लागेल. गणितात रीत लिहीत नाही, वह्या अर्ध्या, विज्ञानाच्या पेपरात उत्तरांऐवजी बाईंनाच प्रश्न लिहून ठेवले आहेत. "वाईट वाटून घेऊ नका," बाई म्हणाल्या, "पण वर्ष बुडालं तिचं."

"बुडालं कसं?" नोएमीने तिथेच विचारलं. "मी एकही दिवस चुकले नाही."

बाईंनी समजावलं. पोरीने ऐकून घेतलं. घरी येऊन मागाच्या मागे जाऊन बसली आणि रडली. या पोरीला मेंढीने तुडवलं होतं, कुत्रा चावला होता, पण आपण कमी पडलो असं कोणी तोंडावर सांगितलं नव्हतं. ओतिलिया माझ्याकडे आली. "मार्लेनला मुकी केली, हिला बुडवली. उद्या जाऊन नाव काढते."

"पोरीला विचारलंत?"

मग घरी गेली आणि विचारलं. तिने काय विचारलं ते मला मार्लेनकडून कळलं. "जानेवारीत जायचं की नाही, तुम्ही ठरवा. या वेळी मी हो म्हणणार नाही आणि नाहीही म्हणणार नाही."

मार्लेनने मात्र आपलं मत दिलं. "राहा ना घरी. इथे कोणाचं वर्ष बुडत नाही." आर्सेनियोने मत दिलं की झांज घरीही वाजवता येते, फक्त शेतापलीकडे. नोएमी सगळ्यांचं ऐकायची आणि मेंढ्या घेऊन वर जायची. सुट्टीत ती आईकडून रुआना विणायला शिकली, स्वतः मागून. त्या दिवसांत ओतिलियाला मागाशेजारी मुलीबरोबर बसलेलं पाहिलं की तिला काय हवंय ते कोणालाही कळलं असतं. पण तिने तोंडातून काढलं नाही. नाताळच्या नऊ दिवसांत मी रोज गुडघे टेकले. काय मागावं ते ठरेना, म्हणून नुसत्या प्रार्थना म्हटल्या.

शाळा उघडायच्या दिवशी सकाळी मी चीज द्यायच्या निमित्ताने वर गेले. ओतिलिया अंगणात उभी होती, ढग अजून उठले नव्हते. दार उघडलं आणि नोएमी बाहेर आली. अंगात गणवेश. परकर वर्षभरात आखूड झाला होता, गुडघे उघडे पडले होते.

"चौथीतच बसायचं ना?" आर्सेनियोने विचारलं.

"हो. पोरं बारकी असतील आणखी. पण रीत म्हणजे काय ते मला अजून कळलेलं नाही, बाबा. बाई म्हणतात ती डोक्यातून कागदावर येते. कशी येते ते बघते."

"आणि नाही आली तर?"

"तर मास्तर यंदा ढोल देणार आहेत."

ओतिलियाने तिच्या परकराची शिवण पाहिली. आत दुमडलेलं कापड होतं. ती आत जाऊन सुई-दोरा घेऊन आली, मुलीसमोर खाली बसली, दात लावून जुनी शिवण उसवली आणि तिथल्या तिथे खालची घडी सोडून नवी टीप घालू लागली. नोएमी हलली नाही, बसायला शिकली तशी उभं राहायलाही शिकली होती. आर्सेनियोने मोटारसायकल सुरू केली आणि धूर आमच्या सगळ्यांच्या तोंडावर आला.

"घाई करा हो, बाईसाहेब."

"थांबा. देवाने हात दोनच दिलेत." तिने दोरा तोडला, उठली, मुलीच्या कपाळावर क्रूसाची खूण केली. मग म्हणाली, "आवडलं नाही तर संध्याकाळी येऊन सांगा."

"आणि आवडलं तर?"

"तरीही सांगा."

नोएमी मागे बसली. मोटारसायकल उताराला लागली आणि ढगात गेली. आवाज बराच वेळ येत राहिला, मग तोही गेला. ओतिलियाने सुई शालीच्या काठाला टोचून ठेवली.

"चला, कोमाद्रे," ती म्हणाली, "मेंढ्या अजून कोंडलेल्याच आहेत."